शेवटच्या पथकाचे श्रोते

‘माणसे किती जमली होती?’ कोणताही समारंभ आटोपला की पहिला प्रश्न हाच निघतो. लग्न असो, व्याख्यान असो की धर्मग्रामाचा सण असो, तेथे काय घडले हे विचारण्याआधी किती जण आले हे विचारले जाते. आम्ही धर्मगुरूही या सवयीतून सुटलेलो नाही. रविवारची मिस्सा संपवून सॅक्रिस्टीत परतताना ‘आज बाके भरली होती’ याचे समाधान आम्हांलाही वाटते आणि पावसाळ्यातील रिकाम्या बाकांची रुखरुखही लागते. या मोजणीत खरोखर काय मोजले जाते, हा प्रश्न वरवर व्यवस्थापनाचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे. तो आमच्यापुढे आला तो मात्र चर्चमध्ये नव्हे, तर एका बँडस्पर्धेच्या मैदानावर.

चिरनेर हे गाव पूर्वी पनवेल तालुक्यात मोडे, आज ते उरण तालुक्यात आहे. त्या परिसरात गेल्या हिवाळ्यात शालेय बँडपथकांची संचलन-स्पर्धा भरली होती. पारितोषिके देण्यासाठी आम्हांस बोलावणे होते. अकरा पथके आली होती. सकाळी मंडप भरलेला होता. आपल्या मुलांचे पथक मैदानात उतरले की पालक पुढे धावत, मोबाइलवर चित्रण करीत, टाळ्या वाजवीत. आणि पथक बाहेर पडले की मुलांना घेऊन घरची वाट धरीत. प्रत्येक पथकाबरोबर मंडपाचा एकेक तुकडा रिकामा होत गेला. अकरावे पथक एका आश्रमशाळेचे होते. त्यातील बहुतेक मुले कातकरी वाड्यांवरची. दिवाळी सरली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर कामाला जातात; मुलांचा बँड पाहावयास ते कोठून येणार? ही मुले मैदानात उतरली तेव्हा समोर परीक्षक होते, आम्ही होतो, आणि मंडपवाल्याची माणसे खुर्च्या एकात एक रचीत होती.

नंतर चहाच्या वेळी आयोजकांत चर्चा रंगली. एक गुरुजी म्हणाले, ‘दर वर्षी माणसं कमी होत चालली आहेत. स्पर्धा रविवारी ठेवा.’ दुसऱ्यांनी सुचविले, ‘एखादा नट बोलवा, मैदान कसं भरतं ते पाहा.’ तिसऱ्यांचे मत, ‘मुलं शिस्त शिकतात, एवढं पुरे. बघे हवेतच कशाला?’ देणगी जमविणारे गृहस्थ म्हणाले, ‘रिकाम्या मैदानासाठी पैसे कोण देणार?’ मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. ‘फादर, तुम्हांला काय वाटतं?’ आम्ही काहीतरी गोड आणि निरुपयोगी बोलून निघालो. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

गर्दी घटण्याची व्यावहारिक कारणे शोधणे कठीण नाही. कामाचा दिवस, डोक्यावर ऊन, एका पथकानंतर दुसरे उभे राहीपर्यंत जाणारा वेळ, त्याच दोनचार धुनांची आवृत्ती, ही सारी कारणे खरी आहेत. पण आमच्या मते एक कारण याहून खोल आहे. संचलनाचे संगीत मुळात प्रेक्षकांसाठी जन्मलेलेच नाही. बिगुलाने सैनिकाला उठविले, हुकूम पोहोचविला. ढोलाने शेकडो पावले एका ठेक्यात आणली. ज्याच्यासाठी ते वाजे तो ते ऐकून चालू लागे. आमच्या कोकणातील खालूबाजा पालखीपुढे वाजतो, तेव्हा पालखीबरोबरचे गावकरी प्रेक्षक नसतात. वारीच्या दिंडीत टाळ-मृदंग वाजतो, तेथे ऐकणारा, गाणारा आणि चालणारा एकच असतो. आपण हे संगीत रस्त्यावरून उचलून मैदानात आणले, भोवती दोर बांधला, परीक्षकांचे टेबल मांडले. आणि जे एक होते त्याचे दोन झाले. दोराच्या आत वादक राहिले, बाहेर प्रेक्षक आले. प्रेक्षक निर्माण झाल्यावर त्यांची मोजदाद आलीच.

हा पेच आमच्याच तालुक्याचा नाही. अमेरिकेत ढोल आणि बिगूल-वाद्यांच्या युवकपथकांची मोठी परंपरा आहे. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या लहानशा गावी झाली. २००९ पासून तिचे मुख्य स्थान इंडियानापोलिस शहरातील एक बंदिस्त क्रीडागार आहे. तेथे साठ हजारांहून अधिक आसने आहेत. एवढे मोठे स्थान निवडले की रिकाम्या खुर्च्याही तेवढ्याच मोठ्या प्रमाणात डोळ्यांवर येतात. त्यामुळे श्रोते वाढले की घटले, रचना सामान्य श्रोत्यासाठी बांधाव्यात की परीक्षकांच्या गुणपत्रिकेसाठी, हा वाद त्या संगीताच्या चाहत्यांत आजही चालतो.

या परंपरेचा कॅथॉलिक धर्मग्रामांशी निकटचा संबंध होता, हे वाचकांस कदाचित नवल वाटेल. न्यू जर्सी राज्यातील गारफिल्ड येथील ‘होली नेम’ धर्मग्रामात १९३४ साली मुलांचे एक पथक निघाले. पुढे ‘द कॅडेट्स’ या नावाने ते जगप्रसिद्ध झाले आणि उपरोक्त अजिंक्यपद त्याने दहा वेळा पटकावले. श्रोत्यांची त्याला कधी वाण पडली नसावी. तरीही २०२४ साली हे पथक बंद झाले. त्याचे कारण रिकामी आसने हे नव्हते. अनेक वर्षांपूर्वी पथकातील एका सदस्येवर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप करणारा दावा दाखल झाला आणि त्याचा भार संस्थेला पेलवला नाही. आरोपाचा निवाडा करणे हा आमचा अधिकार नाही. परंतु हजारोंच्या टाळ्या जेथे ऐकू येतात, तेथे एका मुलीचा आवाज चाळीस वर्षे ऐकू न येणे शक्य असते, एवढे तरी यातून समजते. आणि या बाबतीत इतरांकडे बोट दाखविण्याचा हक्क आपल्या ख्रिस्तसभेला नाही. आपणही ठिकठिकाणी भरलेली बाके मोजली आणि त्याच बाकांवर बसलेल्या एखाद्या लेकराचे रडणे ऐकले नाही.

आपल्याकडे पुण्यात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीतील ढोल-ताशाला शिस्तीचे वळण लावले. पुढे पथके वाढली, एकेका पथकातील वादक शेकड्यांनी वाढले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एका पथकात तीसच वादक असावेत, अशी मर्यादा घातली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. चिरनेरच्या मैदानावर ऐकणाऱ्यांचा तुटवडा, पुण्याच्या रस्त्यावर वाजविणाऱ्यांचा महापूर. आकड्याची ओढ दोन्हीकडे एकच आहे. संख्या वाढली म्हणजे मोल वाढले, ही समजूत दोराच्या आतही आहे आणि बाहेरही आहे.

मग संख्या मिथ्या म्हणावी काय? ‘बघे हवेतच कशाला’ म्हणणाऱ्या गुरुजींचे मत उदात्त वाटते. कला देवाला अर्पण केली, मग माणसे असली काय नसली काय! आम्हांस हे पटत नाही. तेरा वर्षांचा मुलगा महिनाभर सकाळी उठून ड्रम घोटतो आणि वाजविताना समोर खुर्च्या उचलल्या जाताना पाहतो, तेव्हा त्याला ‘देव ऐकत आहे’ असे सांगून आपण निघून जाणे ही श्रद्धा नव्हे, ती पळवाट आहे. शेजाऱ्याला आपण जे द्यावयाचे, ते देवाच्या खात्यावर टाकण्याची ही युक्ती आहे. देणगीदारांची चिंताही क्षुद्र नाही. वाद्यांना, गणवेशांना, गाडीभाड्याला पैसे लागतात आणि ते देणाऱ्याला आपले दान कोणाच्या उपयोगी पडले हे पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. संख्येकडे दुर्लक्ष करणे हे तिच्या पूजेवरचे औषध नव्हे.

पवित्र शास्त्रात मोजणीविषयी दोन कथा आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. दावीद राजाने योवाबाकडून साऱ्या राष्ट्राची शिरगणती करविली आणि ती पुरी होताच त्याचे मन त्यालाच खाऊ लागले. आपण पाप केले, हे त्याने कबूल केले. उलट मोशेला परमेश्वराने स्वतःच शिरगणतीची आज्ञा दिली. म्हणजे मोजणे हेच पाप नव्हे. मोशेच्या गणतीत प्रत्येकाचे नाव, कूळ आणि घराणे पाहावयाचे होते. दाविदाच्या हाती आला तो तलवार धरणाऱ्यांचा एकूण आकडा. एका मोजणीत माणूस सापडतो, दुसरीत तो हरवतो. मोशेची ही शिरगणती ज्या ‘गणना’ नावाच्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात पुढे घडीव चांदीचे दोन कर्णे बनविण्याची आज्ञा येते. लोकांना एकत्र बोलावण्यासाठी आणि तळ हलविण्यासाठी ते वाजवावयाचे होते. नावानिशी ओळखलेल्या लोकांसाठी कर्णा वाजे आणि ते त्याच्या नादावर चालू लागत.

दाविदाचीच आणखी एक कथा आहे. कराराचा कोश वाद्यांच्या गजरात यरुशलेमेत आणला जात होता आणि राजा देहभान विसरून त्यापुढे नाचत होता. शौलाची कन्या मीखल खिडकीतून ते पाहत होती; तिने मनात त्याचा तिरस्कार केला. त्या दिवशी कोणी हजेरी घेतली असती तर मीखलचे नाव तीत आले असते. मिरवणूक तिने पाहिली, वाद्येही ऐकली, तरी ती तेथे नव्हती. रस्ता आणि खिडकी यांत अंतर काही हातांचेच असते, पण मनाने ते ओलांडावे लागते. आज खिडकी आपल्या खिशातच असते. मोबाइलच्या चौकटीतून आपल्याच मुलापुरते पाहणारा बाप मीखलसारखा तिरस्कार करीत नाही, हे खरे. पण तोही रस्त्यावर उतरलेला नसतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात भाविकांनी पवित्र मिस्सेला परक्यासारखे किंवा मुक्या प्रेक्षकासारखे उपस्थित राहू नये, असा आग्रह आहे. सेमिनरीत आम्ही हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा आवाका वेदीपुरता नाही, हे उशिरा कळले. कोणाचेही ऐकणे ही कृती आहे, रिकामा बसलेला वेळ नव्हे. वाजविणारा जसा श्रम करतो तसा ऐकणाराही करतो. आपले काम उरकल्यावर थांबणे, परक्याच्या मुलाकडे आपल्या मुलाइतके लक्ष देणे, हा तो श्रम होय. त्या दृष्टीने पाहता आमच्या मैदानावर लोक कमी आले हा मुख्य दोष नव्हता. सकाळी माणसे भरपूर होती. ती थांबली नाहीत. प्रत्येकाने आपल्यापुरते ऐकले. आपल्या माणसावर प्रेम करणे हे सर्वांनाच जमते, त्यात विशेष ते काय, असे प्रभू येशूने विचारले आहेच.

चिरनेरला हे सांगावे लागू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात आसपासच्या गावांतील आठ जण हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी येथे त्यांना मानवंदना दिली जाते. त्या दिवशी रानात किती माणसे होती, याची चौकशी आज कोणी करीत नाही. आठ नावे मात्र लोक सांगतात, त्यांत धाकू गवत्या फोफेरकर हे नाव आहे, आलू बेमट्या म्हात्रे हे आहे आणि नाग्या महादू कातकरी हेही आहे. आकडा विसरला तरी चालतो, नाव विसरून चालत नाही, हे या मातीला माहीत आहे. नाग्याला मानवंदना देणाऱ्या परिसरात नाग्याच्या जमातीची मुले वाजवू लागली की खुर्च्या उचलल्या जाव्यात, ही विसंगती आपण किती दिवस सांभाळणार?

आयोजकांना आम्ही आता उत्तर पाठविले आहे. नट बोलावू नका. स्पर्धा रविवारी दुपारी ठेवा. सकाळी आम्हांलाही मिस्सा असते. ज्या पथकाचे पालक येऊ शकत नाहीत, त्याला शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा. प्रत्येक पथकाने इतर दहा पथके ऐकल्याशिवाय मैदान सोडू नये, असा नियम करा. वाजविणारी मुले हीच सर्वांत जाणती श्रोते असतात. आणि पुढच्या वर्षी गर्दी किती होती हे लिहिण्याऐवजी शेवटपर्यंत कोण थांबले ते लिहा.

एक कबुली राहिली आहे. अकरावे पथक वाजवीत होते तेव्हा आम्ही पुढच्याच रांगेत होतो. पण आमच्या हातात पारितोषिकांची यादी होती, नावांचे उच्चार आम्ही तपासून पाहत होतो, आणि संध्याकाळच्या मिस्सेला उशीर होईल म्हणून दोनदा घड्याळही पाहिले. खुर्च्या उचलणाऱ्यांवर आम्ही मनातून रागावलो होतो. त्या मुलांनी कोणती धून वाजविली, हे मात्र आज आम्हांस सांगता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही व्यासपीठावरचे बोलावणे घेणार नाही. मैदानाच्या कडेला बसू आणि शेवटपर्यंत ऐकू.