गाणें कोणाचें?

उत्तम कृति घडावी म्हणून कलावंताचें मन दुखविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास असतो काय? हा प्रश्न आम्हांस नीतिशास्त्राच्या ग्रंथानें नव्हे, तर एका ध्वनिमुद्रिकेनें घातला. ‘टेम्प्टेशन्स’ या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकपंचकाचा ‘ऑल डायरेक्शन्स’ हा संग्रह १९७२ सालीं निघाला. ‘सोल’ नांवाची ही गायकी चर्चमधील भजनांतून वाढलेली; आवेश हाच तिचा प्राण. संग्रहांतील ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ या गाण्यांत मुलें आपल्या भटक्या बापाविषयीं, त्याच्या मृत्यूनंतर, आईला विचारीत आहेत.

गाणें जवळजवळ बारा मिनिटांचें, आणि पहिला शब्द येतो तो सुमारें चार मिनिटांनीं! ख्यालाच्या श्रोत्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु तिकडे तेवढ्या वेळांत अख्खें गाणें आटोपण्याची रीत. तोंवर खर्जांतील चार-दोन सुरांची आवृत्ति, झांजेची टिकटिक, दुरून येणारा ट्रंपेट आणि व्हायोलिनांच्या लाटा. पांच पट्टीचे गवई, आणि त्यांस कामच नाहीं. ही योजना निर्माता नॉर्मन व्हिटफील्ड याची. त्यानें हेंच गाणें त्याच वर्षीं दुसऱ्या एका संचाकडून गाऊन घेतलें होतें. टेम्प्टेशन्सना तें मुळींच नको होतें. त्यांस प्रेमगीतें हवीं होतीं.

मुख्य गायक डेनिस एडवर्ड्स हा धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याच्या तोंडीं व्हिटफील्डनें असल्या बापाचें वर्णन घातलें, आणि तो चिडून स्वर दाबून गाईपर्यंत त्याच त्या ओळी पुनःपुन्हा गावयास लावल्या, असें सांगतात. त्या आरंभींच्या ओळींत दबलेला संताप खरोखरच ऐकूं येतो. पण तो संताप व्हिटफील्डनें निर्माण केला, कीं एडवर्ड्सच्या गळ्यांत तें सामर्थ्य होतेंच? आम्हांस दुसरें संभवनीय वाटतें. चिडविल्यानें जर कोणीहि असें गाऊं लागता, तर जगांत गवयांस तोटा नसता!

गाणें १९७२ च्या अखेरीस अमेरिकेंत पहिल्या क्रमांकास पोंचलें. १९७३ मध्यें त्यास तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं: एक गायकांस, एक व्हिटफील्ड व गीतकार बॅरेट स्ट्राँग यांस, आणि एक तबकडीच्या मागील बाजूस, जींत गायकांचा आवाजच नाहीं! हें शेवटचें व्हिटफील्ड व वाद्यरचनाकार पॉल रायझर यांच्या वांट्यास आलें. प्रत्यक्ष वाजविणारे मात्र नेहमींप्रमाणें पडद्याआड राहिले. वाटणी कोणत्या न्यायानें झाली, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

पुढें ‘मास्टरपीस’मध्यें (१९७३) वाद्यांचा विस्तार आणखी वाढला, गायकांचें असमाधानहि वाढलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही जोडी फुटली. गायकांचा सन्मान राहिला; परंतु अमेरिकेंतील तो पहिला क्रमांक त्यांस पुन्हा लाभला नाहीं. एडवर्ड्स कालांतरानें संचांतून बाहेर पडला व आपला निराळा संच घेऊन फिरूं लागला. २०१८ सालीं तो वारला. त्या निराळ्या संचाबरोबरहि तो हें नको असलेलें गाणें गात असे, आणि श्रोते त्याच्याकडून तेंच मागत.