पुठ्ठ्याचा वारकरी खरंच चालतो का?

संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याला लागली की पुढचा मुक्काम लोणी काळभोर. माउलींची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची सरळ पुढं येते. त्यामुळे चालणारी माणसं बघायला इथल्या पोरांना लांब जावं लागत नाही. खांद्यावर पताका, डोक्यावर तुळस, गळ्यात पखवाज. दिंड्याच्या दिंड्या समोरून जातात.

कागदावर मात्र हीच वारी अडते. विठोबा पटकन जमतो, कारण त्याचे पाय जुळलेले आणि कर कटेवर. वारकरी काढला की तोही तसाच ताठ!

यावर एक सोपा खेळ आहे. पुठ्ठ्याचे दहा तुकडे कापायचे: डोकं, धड, दोन दंड, कोपरापुढचे दोन हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या. सांध्यांना भोकं पाडून दोरा ओवायचा, दोन्हीकडून गाठ मारायची. मग बाहुला कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची, थोडा पुढं सरकवून गुडघा वाकवायचा, पुन्हा गिरवायचं. उजवा पाय पुढं तर डावा हात पुढं. धड किंचित झुकवलं नाही तर गडी जागीच थबकतो.

वैशेषिक दर्शनात कणादांनी कर्माचे म्हणजे हालचालीचे पाच प्रकार सांगितले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. पताका वर गेली, पाऊल खाली आलं, कोपर मिटलं, हात पसरला, माणूस पुढं गेला. दहा तुकड्यांच्या बाहुल्यात पाचही सापडतात.

पण कागदावर उमटल्या त्या चार-पाच स्थिर आकृत्या. त्यांत चालणं कुठं आहे?

नागार्जुनानं ‘मूलमध्यमककारिके’च्या दुसऱ्या प्रकरणात हाच पेच टाकला. चालून झालेल्या वाटेवर चालणं उरलेलं नाही, न चाललेल्या वाटेवर ते सुरूच झालेलं नाही. मग तिसरी वाट कोणती? नैयायिक म्हणतात, गती डोळ्यांना थेट दिसते. प्राभाकर मीमांसकांना ते मान्य नाही. पाऊल एका जागेपासून सुटलं आणि दुसरीला टेकलं, एवढंच दिसतं; गतीचं आपण अनुमान करतो. दादासाहेब फाळक्यांनी 1912 च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली, तेव्हा पडद्यावर होती ती स्थिर चित्रंच. प्राभाकरांना याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

तरीही एक शंका उरते. पाऊल रस्त्यापासून सुटतं, तसा रस्ताही पावलापासून सुटतोच. मग रस्ता चालला असं कुणी का म्हणत नाही?

पालखीत असतात त्या पादुका. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, असं परंपरा सांगते. वाहणारे खांदे दिसतात, ओढणारे बैल दिसतात. तुकोबांचं पाऊल कुणालाच दिसत नाही. तरी तुकोबा पंढरीला निघाले, यात वारकऱ्याला शंका नसते. प्राभाकर याला अनुमान म्हणतील. वारकऱ्याला ते पटणार नाही, कारण तो कडेला उभा राहून बघत नसतो, बरोबर चालत असतो. वर उल्लेखलेल्या साऱ्या वादात साक्षीदार आहे तो बघणारा. चालणाऱ्याला कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून पुठ्ठा कापण्याआधी मुलांना मैदानात पावली खेळायला लावावी. कोणता गुडघा कधी वाकतो, भार कोणत्या टाचेवर येतो, हे तिथं त्यांना डोळे मिटूनही सांगता येईल.