बदलीच्या गावाचे ऋण

बदलीच्या गावाचे आपण काही देणे लागतो काय? आसामातील दिग्बोई घ्या. तेथे १८८९ साली तेलविहीर खोदण्यास आरंभ झाला. १९०१ साली सुरू झालेला शुद्धीकरण कारखाना आजही चालू आहे. अशा आडबाजूच्या तेलनगरीत आपण पाहुणे, श्रमांचा पगार घेतला की हिशेब मिटला, असे आपल्यापैकी कोणी म्हणतात. परंतु पगाराने मिटते ते केवळ नोकरीचे खाते. उपसलेले तेल त्या भूमीत पुन्हा भरत नाही, आणि आपण गेल्यावरही तेथील माणसे तेथेच राहतात. म्हणून शेजाऱ्याची असमिया शिकणे, बिहूला त्याच्या अंगणात जाणे, हा आपला उपकार नव्हे. ती ऋणफेडीची सुरुवात होय. पुरती फेड होणार नाही, हे जाणूनच ती आपण करावयाची.