घरखर्चाचाही हिशेब द्यावा लागेल

इबादतीचा विषय निघाला की आपल्या मनात नमाज, रोजा, जकात आणि हज येतात. किराण्याची यादी, विजेचे बिल, मुलांची फी, पाहुण्यांचा पाहुणचार या गोष्टी दीनच्या कक्षेबाहेरच्या आहेत, असा अनेकांचा समज असतो. कुरआनची शिकवण मात्र निराळी आहे. सूरह अल-फुरकानच्या अखेरीस परमदयाळू अल्लाहच्या सच्च्या दासांचे गुण वर्णिले आहेत. ते जमिनीवर नम्रतेने चालतात, रात्री सजद्यात व उभे राहून घालवितात आणि लगेच ६७व्या आयतीत सांगितले आहे की खर्च करताना ते उधळपट्टी करीत नाहीत व हातही आखडता घेत नाहीत. त्यांचा खर्च या दोहोंच्या मधोमध असतो. तहज्जुदच्या पंक्तीला घरखर्चाला बसविणारा हा दीन आहे.

उधळपट्टी म्हणजे कोणाचा तरी हक्क

कुरआनने यासंदर्भात दोन शब्द वापरले आहेत : इस्राफ आणि तबजीर. सर्वसाधारणपणे उलमा त्यांतील फरक असा सांगतात की, वैध बाबीत गरजेची मर्यादा ओलांडणे हा इस्राफ आणि जेथे खर्च करणेच अनुचित तेथे पैसा घालविणे ही तबजीर. सूरह बनी इस्राईलच्या २६ आणि २७ या आयतींत तबजीर करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. या आयतींची सुरुवात लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम नातेवाईक, गरजवंत आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि त्यानंतर उधळपट्टीची मनाई. आपल्या घरात जे वाया जाते त्यात कोणाचा तरी वाटा असतो, हे या क्रमावरून उमगते.

कर्जाचे ओझे

घरखर्चाचा तोल सुटला की पहिली पायरी उधारीची आणि दुसरी व्याजाची असते. पगार वीस तारखेला संपतो, मग दुकानदाराची वही, मग हप्त्यावरची वस्तू आणि शेवटी व्याजी कर्ज. सूरह अल-बकराच्या २७९व्या आयतीत व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह व त्याच्या प्रेषिताकडून युद्धाचा इशारा दिला आहे. शेजाऱ्याच्या लग्नातील मंडप पाहून आपल्या मुलीच्या लग्नात त्याहून मोठा मंडप घालण्यासाठी जो व्याजाच्या दारात उभा राहतो, त्याने आपण कोणता सौदा करीत आहोत याचा क्षणभर विचार करावा.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचे संरक्षण मागत असत. याचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कर्जाने खिशाबरोबर चारित्र्यही पोखरले जाते. धनको दारी आल्यावर ‘अब्बा घरी नाहीत’ असे सांगण्यास मुलाला पाठविणारा बाप त्याला काय शिकवीत असतो?

खरी गरज असेल तर कर्ज घेणे निषिद्ध नाही. स्वतः प्रेषितांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत घरच्यांसाठी घेतलेल्या जवाच्या मोबदल्यात एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. ते कर्ज पोटाच्या भाकरीसाठी होते, प्रतिष्ठेच्या देखाव्यासाठी नव्हे.

नियोजन हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही

‘रोजी देणारा अल्लाह आहे, मग हिशेब कशाला?’ असे म्हणणारे काही बंधू भेटतात. ह. यूसुफ (अ.) यांनी स्वप्नाचा अर्थ सांगताना सात वर्षे शेती करून, खाण्यापुरते थोडे काढून, उरलेले धान्य कणसातच राखून ठेवण्यास सांगितले होते, कारण पुढे दुष्काळाची सात वर्षे येणार होती. ह. उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची शिधासामग्री बाजूला ठेवीत. अल्लाहवर त्यांच्याहून अधिक भरवसा कोणाचा असू शकेल?

पाणी, अन्न आणि डागडुजी

प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुसल करीत असत. एक मुद्द म्हणजे मध्यम चणीच्या माणसाची भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटर; चार मुद्दांचा एक साअ होतो. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा किती ओंजळी वाहून जातात, हे एकदा नळाखाली बादली ठेवून पाहावे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. ज्या महाराष्ट्राने ते दिवस पाहिले, तेथील मशिदींच्या आणि घरांच्या नळांतून पाणी व्यर्थ गळणे शोभत नाही.

अन्नाविषयीही शिकवण इतकीच काटेकोर आहे. खाली पडलेला घास उचलून, स्वच्छ करून खावा, सैतानासाठी सोडू नये. ताट पुसून खावे. दोघांचे जेवण तिघांना पुरते. ह. अबू जर (रजि.) यांना त्यांनी रस्सा शिजविताना पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्यास सांगितले. काटकसर आणि औदार्य एकाच हंडीत कसे शिजते, हे येथे दिसते. रमजानमध्ये तर दिवसभर उपास करून इफ्तारच्या दस्तरख्वानावर इतके पदार्थ मांडले जातात की महिन्याचा खर्च दुप्पट होतो आणि उरलेले उकिरड्यावर जाते. संयमाच्या महिन्याचा याहून मोठा अनादर कोणता?

ह. आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, प्रेषित (स.) घरी आपले कपडे शिवीत व पादत्राणे दुरुस्त करीत. वस्तू मोडली की टाकून नवी आणण्याची सवय जडलेल्या घरांनी ही सुन्नतही लक्षात ठेवावी.

काटकसरीचा भार कोणावर?

काटकसरीच्या नावाखाली कंजूषपणाही लपतो. स्वतःच्या मोबाईलवर व मित्रमंडळींवर सढळ खर्च करणारा पुरुष पत्नीच्या औषधाला पैसे देताना हिशेब विचारतो, घरकामास येणाऱ्या बाईचा पगार अडवून ठेवतो, तेव्हा त्या बचतीत बरकत राहत नाही. ह. हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी पती पुरेसा खर्च देत नसल्याची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना पतीच्या संपत्तीतून स्वतःला व मुलांना पुरेल इतके रास्त प्रमाणात घेण्याची मुभा दिली. एका हदीसनुसार अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्तीसाठी, गरिबासाठी आणि कुटुंबासाठी दिलेल्या दिनारांपैकी कुटुंबावर खर्च झालेल्याचा मोबदला सर्वांत मोठा आहे. म्हणून काटछाट देखाव्यावर व्हावी. आईच्या उपचारावर किंवा मुलीच्या शिक्षणावर होऊ नये.

वाचलेल्या पैशाचे काय?

आजारपणात ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आपली बरीचशी संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी एक तृतीयांशाची मर्यादा घालून दिली, तीही पुष्कळ असल्याचे सांगितले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा त्यांना संपन्न सोडणे उत्तम, असे समजावले. तेव्हा बचतीतून प्रथम कर्ज फेडावे, नंतर अडचणीच्या दिवसांसाठी राखावे. निसाबइतक्या शिलकीवर चांद्रवर्ष उलटले की अडीच टक्के जकात काढावी. त्यातही नातलगांतील गरजूला विसरू नये.

बंधू-भगिनींनो, महिन्याच्या प्रारंभी पती-पत्नीने एकत्र बसून परस्परविचाराने खर्चाची वही मांडावी. मुलांनाही त्यात सामील करावे. कियामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जाणार आहेत : ती कोठून मिळविली आणि कशात खर्च केली? पहिल्या प्रश्नाची धास्ती पुष्कळांना असते. दुसऱ्याच्या उत्तराची तयारी आपल्या स्वयंपाकघरात, बाजाराच्या पिशवीत रोज होत असते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो, कर्जाच्या ओझ्यापासून व मनाच्या कोतेपणापासून आपले रक्षण करो आणि मध्यममार्गाने चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.