भय आणि मुखवटा

भयपट आवडीने पाहणे सुसंस्कृत माणसास शोभते काय, हा प्रश्न आमच्या पिढीच्या मराठी घरांत कधी कुणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी नाट्यसंगीत जपले, गणेशोत्सवातील व्याख्याने जपली, दिवाळी अंक जपले. भुताखेतांचे चित्रपट मात्र आपण इतरांसाठी सोडून दिले. नारायण धारपांची पुस्तके घरात येत, पण ती वडीलधाऱ्यांच्या नजरेआड वाचली जात. 1984 साली 'पुराना मंदिर' प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही नुकतेच शासकीय सेवेत रुजू झालो होतो. तो चित्रपट आम्ही पाहिला, पण घरी कुणास सांगितले नाही. पाहताना घाबरलो आणि बाहेर आल्यावर मित्रांबरोबर त्याची यथेच्छ थट्टा केली. त्या थट्टेविषयी आज थोडे लिहावेसे वाटते.

पुढे पुष्कळ वर्षांनी रामसे बंधूंच्या चित्रपटांची जन्मकथा वाचनात आली. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले हे कुटुंब मूळचे रेडिओच्या धंद्यातले. 1970 साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट चालला नाही. परंतु त्यात मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरीसाठी येतात, त्या प्रसंगी प्रेक्षक दचकतात, हे या भावांच्या लक्षात आले. एरवी माणूस अपयशाकडे पाठ फिरवतो. यांनी त्या अपयशातले एक दृश्य उचलले आणि त्यावर पुढचा सारा व्यवसाय उभारला. 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' हा चित्रपट त्यांनी महाबळेश्वरी, अगदी थोडक्या पैशांत चित्रित केला. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. कुणाकडे लेखन, कुणाकडे छायाचित्रण, कुणाकडे ध्वनी, तर कुणाकडे संकलन. तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन सांभाळले, आणि घरच्या स्त्रियाही स्वयंपाकापासून कपडेपटापर्यंत राबल्या. 'पुराना मंदिर'मधील ज्या 'सामरी'ला पाहून आम्ही घाबरलो, तो उभा करणारे अनिरुद्ध अगरवाल हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. हे वाचल्यावर आम्ही काहीसे ओशाळलो. ज्याला आम्ही राक्षस म्हणून हसलो, तो आमच्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसून पुलाचे अंदाजपत्रक तपासू शकला असता.

आपल्या शास्त्रकारांनी भयाला कधी कमी लेखले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांत भयानक आणि बीभत्स यांना स्वतंत्र स्थान आहे आणि भय व जुगुप्सा हे त्यांचे स्थायीभाव सांगितले आहेत. भय दुःखद असताना त्याचा रस कसा होतो, या शंकेचे उत्तर भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाच्या कल्पनेने दिले. अभिनवगुप्तांनी दाखला घेतला तो शाकुंतलाच्या आरंभी रथापुढे पळणाऱ्या हरणाचा. ते भय त्या हरणाचे राहत नाही, दुष्यंताचे नाही आणि आपलेही नाही. देश, काळ आणि व्यक्ती यांच्या मर्यादा गळून केवळ भय उरते, म्हणून ते आस्वाद्य होते. म्हणजे भयपट पाहणे हा मनाचा विकार ठरत नाही. तरीही आमचे समाधान होत नसे, कारण भयाचे दुसरे रूप आम्ही याच शहरात पाहिले होते.

सप्टेंबर 1994. गणपतीचे विसर्जन नुकतेच झाले होते. पावसाळ्यातील पुराचा चिखल सखल वस्त्यांत अजून वाळला नव्हता. वेड रोडच्या बाजूने फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि दोन-तीन दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेनासे झाले. जो तो नाकाला रुमाल बांधून फिरू लागला. मृतांचा अधिकृत आकडा देशभरात मिळून शंभराच्याही आत राहिला, परंतु भयाला आकडे वाचता येत नाहीत. शासकीय कर्तव्यामुळे आम्ही शहरात राहिलो, आणि त्याबद्दल पुढे अनेकांनी आमचे कौतुकही केले. त्यांतील कुणास आम्ही पुढील गोष्ट सांगितलेली नाही.

एका संध्याकाळी आमच्या फाटकाशी एक यंत्रमाग कामगार उभा राहिला. परप्रांतीय असावा. तो खोकत होता आणि त्याने पाणी मागितले. आम्ही खिडकीतून त्यास पाहिले आणि दार उघडले नाही. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. त्यास प्लेग होता की गिरणीतल्या तंतूंचा जुना खोकला, हे कळण्यास मार्ग नाही. पुढे महिनाभराने आम्ही महाराष्ट्रात एका आप्तांकडे गेलो, तेव्हा त्यांनी आम्हांस ओट्यावरच बसवले आणि पाणी वरून ओतून दिले. त्या वेळी आम्हांस संताप आला. परंतु ज्यास आपण पाणी दिले नाही त्याची आठवण ठेवून त्या आप्तांवर रागावण्याचा अधिकार आम्हांस उरला आहे काय, हे आम्ही आजवर ठरवू शकलेलो नाही.

त्या खिडकीतून आम्हांस माणूस दिसला नव्हता. 'सामरी' दिसला होता. चित्रपटगृहातील भय आणि खिडकीतील भय यांत फरक हाच की, पहिल्या ठिकाणी मुखवटा आहे हे ठाऊक असते. दुसऱ्या ठिकाणी मुखवटा आपण स्वतःच समोरच्याच्या तोंडावर चढवतो आणि तो चढवल्याचे विसरून जातो.

2024 च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा आमच्या चिरंजिवांनी आग्रहाने आम्हांस नेले. 2018 साली हा चित्रपट आला तेव्हा त्यास बेताचाच प्रतिसाद मिळाला होता. पण ज्यांनी पाहिला त्यांनी तो मनात जपला, इतरांस सांगितला, आणि दुसऱ्या खेपेस त्याने पहिल्याहून अधिक उत्पन्न मिळवले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'कार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कथेची प्रेरणा धारपांची, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले. चित्रीकरण 2012 साली सुरू झाले, मनासारखे न उतरल्याने काही वर्षांनी पुन्हा केले गेले, आणि पडद्यावरील तो पाऊस मिळवण्यासाठी एकाहून अधिक पावसाळे खर्ची पडले. त्यातील साखळदंडांनी जखडलेली भयाण आजी पाहून आमच्या शेजारचा तरुण खुर्चीत आक्रसला. ती भूमिका रंगभूषेच्या थरांखाली मोहम्मद समद या कुमारवयीन नटाने केली आहे. तोच मुलगा चित्रपटात नायकाचा पुत्र पांडुरंग म्हणूनही वावरतो. आणि चित्रपटाचे खरे पिशाच्च कोणते? सोन्याच्या मुद्रांसाठी पुन्हा पुन्हा त्या विवरात उतरणाऱ्या माणसाचा लोभ. 'हस्तर' हे त्याचे निमित्त.

यातून आम्हांस एक कसोटी सापडली. भयाची कलाकृती हीन की उत्तम, हे तिच्यावर खर्च झालेल्या पैशांवरून ठरू नये, आणि ती किती दचकवते यावरूनही ठरू नये. ती भयाचे बोट कोणाकडे दाखवते, हे पाहावे. कुरूप, परका, आजारी माणूस म्हणजेच संकट, असे ती शिकवीत असेल तर ती आमच्या त्या खिडकीचाच विस्तार आहे. रामसे बंधूंचे काही चित्रपट या कसोटीस उतरत नाहीत, हे त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते. ते बोट प्रेक्षकाकडे वळले, तर दोन तासांचे भय कामी आले.

आणि भय घडते कसे, ही जिज्ञासा आम्हांस पोरकट वाटेनाशी झाली आहे. काहीजण म्हणतात, रबर आणि रंगाचे रहस्य कळले की मौज जाते. आमचा अनुभव वेगळा आहे. रहस्य कळल्यावर थट्टा जाते, आणि भेसूर चेहऱ्यामागे कुणी अभियंता, कुणी शाळकरी मुलगा घामाघूम होऊन बसला आहे, हे लक्षात ठेवण्याची मनास सवय लागते. ही सवय आम्हांस 1994 पूर्वी लागली असती तर बरे झाले असते.

2006 च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरभर शिरले, तेव्हा आमच्या जिन्यावर तीन अनोळखी माणसे दोन रात्री राहिली. त्यांतील एकास खोकला होता. दार उघडताना आमचा हात कापला, हे मान्य करतो. पण दार उघडले.