कोऱ्या लेटरहेडवरची सही

बोईसर-चिल्हार रस्त्यालगतच्या एका गावची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. तारापूर एमआयडीसीच्या आसपास कुठल्याही ग्रामपंचायतीत ती घडू शकते.

या भागात पोरगं आयटीआय करून आलं की शेजारीपाजारी एकच विचारतात, "कंपनीत लागला का?" कंपनीत लागायचं म्हणजे बहुतेकदा ठेकेदाराकडे लागायचं, आणि ठेकेदाराकडे जायला ओळख हवी. म्हणून सरपंचांच्या पत्राला भाव: 'सदर मुलगा आमच्या गावचा रहिवासी आहे, त्यास काम मिळावे.'

सरपंच ताई आधी अंगणवाडीत होत्या. पाच पैशांच्याही लबाडीत नव्हत्या, हे विरोधकसुद्धा मान्य करत. पण आज पंचायत समितीत बैठक, उद्या जिल्हा परिषदेत. पालघरच्या वाऱ्या संपेनात. मागे लोकांचा खोळंबा नको म्हणून त्या दहा-वीस कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून पुतण्याकडे ठेवत. फोनही बऱ्याचदा त्याच्याच हातात. 'ताईंचा पीए' अशी त्याने स्वतःची ओळख करून दिली होती. पंचायतीच्या पगारपत्रकावर त्याचं नाव कुठेच नव्हतं.

एका सकाळी वीटभट्टीवर काम करणारी एक बाई ताईंच्या दारात आली. भट्टीच्या शेठकडून उचल घेऊन तिने मुलाच्या पत्रासाठी पाच हजार भरले होते. तीन महिन्यांनी ठेकेदाराने मुलाला ब्रेक दिला. उचल मात्र अंगावर राहिली.

"पैसे परत द्या, ताई."

"कसले पैसे?"

"सहीचे. तुमच्या हापिसात दिले ना."

त्याच संध्याकाळी पुतण्याची हकालपट्टी झाली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर पडला: 'गैरप्रकार करणाऱ्यांना थारा नाही.' खाली अंगठ्यांची रांग लागली. आपल्या राजकारणात अशी प्रकरणं इथेच मिटतात. माणूस काढला, साहेब सुटले.

ताईंचे जुने गुरुजी मात्र दुसऱ्या दिवशी घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "मुंदडा प्रकरण ऐकलंयस का गं?"

ताईंनी ऐकलं नव्हतं. गुरुजींना तेवढंच निमित्त पुरलं. 1957 साली नव्याने निघालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत जवळपास सव्वा कोटी रुपये घातले. पॉलिसीवाल्यांचा पैसा, आणि कंपन्या डबघाईच्या. लोकसभेत त्यावर उठले ते फिरोज गांधी. काँग्रेसचेच खासदार आणि वर पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती चागला यांच्याकडे चौकशी दिली गेली. ती मुंबईत उघड चालली. गर्दी एवढी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले.

"अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. त्यांचं म्हणणं, हा व्यवहार माझ्या सचिवांनी, एच. एम. पटेलांनी केला, मी असं सांगितलं नव्हतं. चागलांनी ते मानलं नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची, त्याला हात झटकता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. 1958 च्या फेब्रुवारीत मंत्री पायउतार झाले."

"पण गुरुजी, मी पैसे खाल्ले नाहीत."

"त्यांनी खाल्ले, असं चागलाही म्हणाले नव्हते."

ताई गप्प. गुरुजींनीच पुढे जोडलं की तेच कृष्णम्माचारी काही वर्षांनी पुन्हा मंत्रिमंडळात आले. त्यामुळे राजीनामा म्हणजे जन्माचा सोक्षमोक्ष, असंही समजू नये. गुरुजी ताज्या बातम्याही वाचत. 2025 च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री फडणवीसांनी मंत्र्यांनी सुचवलेल्या पीए-ओएसडींपैकी काही नावं 'फिक्सर' म्हणून अडवली होती. "तिथे निदान वर कुणीतरी चाळण लावली. तुझ्या पुतण्याला कुणी चाळलं?"

ताई पंचायतीत गेल्या आणि ग्रामसेवकाकडून जावक नोंदवही मागून घेतली. वाटलेल्या पत्रांपैकी एकाचीही नोंद नव्हती. किती गेली, कुणाला गेली, काही कळायला मार्ग नाही. त्यांनी घरोघरी फिरून यादी केली. काहींनी सांगितलं, काही लाजेने बोलले नाहीत, एकाने तर दार लावून घेतलं. वीटभट्टीवालीचे पाच हजार ताईंनी पदरचे दिले. त्यावरून घरात अबोला झाला.

मग ग्रामसभेत त्यांनी ती यादी वाचली. "कागद कोरे होते आणि सह्या माझ्या होत्या," असं सरळ सांगितलं. मागून कुणी ओरडलं, "नाटक आहे!" कुणी राजीनामा मागितला. वीटभट्टीवरच्या बायका काहीच बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात ताई चौकशीचा अर्ज घेऊन पालघरला बीडीओ साहेबांपुढे उभ्या राहिल्या. अर्जात दोन नावं होती, पहिलं त्यांचं स्वतःचं. साहेबांनी चष्मा वर केला.

"ताई, स्वतःविरुद्ध कुणी अर्ज करतं का? कलम 39 माहीत आहे ना? गैरवर्तन सिद्ध झालं तर पद जातं. पुतण्याचं नाव राहू द्या, तुमचं खोडा."

"मग त्याचंही खोडा, साहेब."

"म्हणजे?"

"तो पंचायतीचा कोण लागतो? ना शिपाई, ना लिपिक. त्याच्याकडे विकायला जे होतं ते मीच दिलेलं. मला वगळलं तर तुम्ही चौकशी कशाची करणार?"

साहेबांनी अर्ज दाखल करून घेतला. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी त्याच अर्जाच्या झेरॉक्स काढून घरोघर वाटल्या. ताईंचे कार्यकर्ते चिडून सांगायला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटू देत. आपला छपाईचा खर्च वाचला."