वनस्पतीच्या देहात जीव किती?

वनस्पती सजीव आहे हे जैन दर्शनाने पहिल्यापासून मानले. त्याला पडलेला प्रश्न पुढचा आहे: एका देहात राहणारे जीव किती? झाड, वेल, गवत यांना स्पर्श हे एकच इंद्रिय, असे सांगून हे दर्शन वनस्पतींचे दोन वर्ग करते. ज्या देहाचा स्वामी एकच जीव, ती ‘प्रत्येक’ वनस्पती. ज्या एकाच देहात अनंत जीव एकत्र आहार आणि श्वास घेतात, ती ‘साधारण’. फलटणमध्ये दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. परंपरा पाळणाऱ्या घरांत कांदा, बटाटा, गाजर वर्ज्य असतात ते या विभागणीमुळे: ती साधारण मानली जातात.

हा भेद ओळखायच्या खुणा दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या ‘गोम्मटसारा’त दिल्या आहेत, आणि त्या सरळसरळ देहरचनेच्या आहेत. जिच्या शिरा, सांधे आणि पेरी उघड दिसत नाहीत, जी मोडली की सारखी तुटते, तुटलेल्या जागी तंतू लोंबत नाही आणि जी कापूनही पुन्हा वाढते, ती साधारण. याच्या उलट ती प्रत्येक. हात आणि डोळा एवढ्याच साधनांवर केलेले हे निरीक्षण फार बारीक आहे.

ऊस या खुणांची कसोटी पाहतो. फलटण तालुक्यातील पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथली उसाची शेती उभी आहे. लागण टिपरीने, म्हणजे खोडाच्या तुकड्याने, होते. प्रत्येक पेऱ्याच्या सांध्यावर एक डोळा असतो, म्हणजे सुप्त कळी. त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात मुळांचे ठिपके तयार असतात. दोन डोळ्यांच्या टिपरीतून दोन कोंब येतात. ‘गोम्मटसार’ अशा वनस्पतींना पर्वबीज, म्हणजे पेऱ्यातून उगवणाऱ्या, म्हणतो. कापून वाढण्याची खूण तेवढी धरली तर ऊस साधारण ठरावा. पण त्याची पेरी ठळक असतात आणि तो मोडला की तंतू लोंबतात. उसाच्या खोडात वाहिनीवृंद सर्वत्र विखुरलेले असतात आणि प्रत्येकाभोवती दृढ ऊतीचे वेष्टन असते. खाल्ल्यावर उरणारा चोथा तो हाच. परंपरेने ऊस निषिद्ध मानला नाही. ऋषभदेवांचा पहिला आहार हस्तिनापूरला राजा श्रेयांसाने दिलेला उसाचा रस होता, आणि अक्षय तृतीया त्याच्याच स्मरणार्थ पाळली जाते.

कंदमुळे म्हणून एकत्र मोजलेल्या वनस्पती अवयवांच्या दृष्टीने एकजातीच्या मुळीच नाहीत. सांगलीच्या बाजारात येणारी हळद हे जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे. त्यावरची वलये ही पेरी, आणि वलयांशी खवल्यांसारखी पाने व कळ्या असतात. बटाटाही खोडच, त्याचे डोळे सर्पिलाकार मांडलेले असतात. कांद्याचे खोड म्हणजे तळाची चकती, आणि पाकळ्या म्हणजे पानांचे मांसल तळ. गाजर आणि रताळे मात्र खरी मुळे. खोड, पान, मूळ असे निरनिराळे अवयव एका निषेधाखाली आले, याचे कारण त्यांच्यातील समान ऊतीत सापडते. या सर्वांत अन्न साठवणारी मूल ऊती भरलेली असते. तिच्या पेशी पातळ भित्तीच्या आणि जिवंत असतात. उलट जलवाहिन्या आणि तंतू पक्व होताना मरतात व त्यांच्या भित्ती उरतात. म्हणजे तंतू लोंबतो की नाही हे पाहणे, ढोबळमानाने, देहाचा किती भाग जिवंत आहे हे पाहणे ठरते.

कॉर्नेल विद्यापीठात स्टुअर्ड यांनी १९५८ मध्ये गाजराच्या मुळातील पेशींपासून संपूर्ण रोप वाढवून दाखवले. याने अनंत जीवांचा सिद्धांत सिद्ध होत नाही. पेशी मोजता येतात, अनंत मोजता येत नाही. शिवाय ही क्षमता ‘प्रत्येक’ मानलेल्या वनस्पतींच्या पेशींतही असते. तरी सिद्धांताचे दोन तपशील रचनेशी विलक्षण जुळतात. ‘प्रत्येक’ वर्गातील वनस्पतीचा कोवळा अंकुरही अनंत जीवांचा आश्रय मानला जातो. अंकुराच्या टोकाला विभाजी ऊती असते आणि तंतू अजून बनलेले नसतात. ओली हळद व आले टाळणारी घरे वाळलेली हळद आणि सुंठ वापरतात. सुकल्यावर त्यांच्या पेशी मेलेल्या असतात.

फुलात एक-अनेकाचा प्रश्न आणखी वेगळा होतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) करडईवर मोठे काम केले आणि ‘नारी-६’ हा बिनकाट्यांचा वाण दिला. काटे पानांच्या कडांना आणि बोंडाभोवतीच्या छदांना असतात. जनावरांपासून ते संरक्षण देतात, पण काढणीला आणि पाकळ्या वेचायला अडचण करतात. ज्याला एक फूल समजले जाते ते बोंड हा पुष्पसमूह आहे: प्रत्येक पुष्पकाला नळीसारखा पाच पाकळ्यांचा दलपुंज, जोडलेले पाच परागकोश आणि एका बीजाचे अंडाशय.

उंबरात हाच समूह आत वळतो. पोकळ, मांसल पुष्पासनाच्या आतल्या बाजूला शेकडो फुले असतात, आणि खवल्यांनी झाकलेल्या छिद्रातून इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागण करते. आत शिरताना तिचे पंख गळतात. तिची पिल्लेही आतल्याच काही फुलांत वाढतात. सांगली जिल्ह्यातील औदुंबर येथे हे झाड दत्ताचे म्हणून पूजिले जाते. तर अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाला सांगितला आहे. त्यामागचे कारण कंदमुळांपेक्षा निराळे आहे. इथे प्रश्न वनस्पतीच्या जीवाचा राहत नाही, फळात वावरणाऱ्या त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जीवांचा होतो, आणि ते जीव तर साध्या डोळ्यांनी दिसतात.